पीण्यातली कन्नड शिकवणी

ज्याला कन्नड शिकायचं आहे त्याने पीण्याला जाऊ नये. धारवाडला जावं, म्हैसूरला जावं, फार तर शिमोग्याकडे एखाद्या सुपारीच्या बागेत चार महिने काढावेत. पीण्या औद्योगिक क्षेत्र कर्नाटकाच्या राजधानीत आहे, तिथल्या पाट्या कन्नडमध्ये आहेत, मेट्रो कन्नड बोलते, नोव्हेंबरभर कारखान्यांच्या फाटकांवर लाल-पिवळे झेंडे फडकतात. सगळं आहे. फक्त आपल्याशी कन्नड बोलेल असा माणूस सापडत नाही.

तसं क्षेत्र लहान नाही. बेंगळूरच्या वायव्येला, तुमकूर रोडच्या कडेने ते सत्तरच्या दशकापासून वाढत गेलं आणि आशियातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक वसाहतींमध्ये त्याची गणना होते, ही माहिती मला कोपऱ्यावरच्या चहावाल्याने दिली. हिंदीत दिली. तो आसामचा. लेथ, प्रेस, व्हीएमसी, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंग, ज्याला जे हवं ते इथे कुठल्या ना कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. इस्रोच्या यानांवर लक्ष ठेवणारं इस्ट्रॅक हे केंद्रही पीण्यातच आहे. २०१४ साली मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा त्याच्याशी सगळं बोलणं इथूनच चाललं होतं. मंगळापर्यंत संदेश जायला त्या वेळी बारा-एक मिनिटं लागत होती म्हणतात. माझा कन्नडमधला संदेश शेजारच्या शेडपर्यंत जायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि उत्तर आलं तरी ते हिंदीत येतं.

मी सांगलीचा. कुपवाडच्या एमआयडीसीत उमेदवारी करून पीण्यात एका शीट मेटलच्या शेडमध्ये क्वालिटी आणि बाहेरचं जॉबवर्क बघायला लागलो. निघताना घरात कोणालाच माझ्या कन्नडची काळजी नव्हती. मिरजेहून सुटलेली एसटी कागवाडला पोचेपर्यंत कंडक्टर सोडून सगळी गाडी कानडीत बोलायला लागलेली असते, जत तालुक्याच्या पूर्वेच्या गावांत तर मराठी शाळेत जाऊन शिकावी लागते. शिवाय आमची आजी अथणीची. ‘‘रक्तातच आहे की तुझ्या,’’ आत्या म्हणाली. ‘‘बेंद्र्यांच्या घरी मराठी बोलायचे, तरी त्यांना कानडीत ज्ञानपीठ मिळालं. तुला काय, दोन चहा तर मागायचेत.’’

द. रा. बेंद्रे हे आमच्या घरात नेहमी असे अंगावर येतात. १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना ‘नाकुतंती’साठी मिळालं, त्याआधी वर्षानुवर्षं ते सोलापुरात कॉलेजात शिकवत होते, हे आत्याला पाठ आहे. आता सोलापूरचाच विषय निघाला म्हणून सांगतो, डॉ. द्वारकानाथ कोटणीसही तिथलेच. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करता करता चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, तिथेच लग्न केलं, आणि १९४२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. सोलापूरच्या पाण्यात काही असावं. सांगलीच्या पाण्यात ते नाही, हे मी जबाबदारीने सांगू शकतो, कारण पावसाळ्यात ते आमच्या घरात येऊन गेलेलं आहे.

पण कोटणीसांना एक सोय होती. त्यांच्या आजूबाजूला चिनी माणसं होती.

माझ्या आजूबाजूला बघा. फाटकावरचा सिक्युरिटी आसामचा, वेल्डर सिवानचा, लेझर मशीनचा ऑपरेटर ओडिशाचा, मेसमधला स्वयंपाकी नेपाळचा, हिशेब बघणारा पालघाटचा. ओनर कन्नडिग, अस्सल तुमकूरकडचा. त्याच्या शेडमध्ये कन्नड बोलायची त्याला मनापासून इच्छा आहे, पण ऐकणार कोण? दिवसभर तो हिंदी बोलतो आणि संध्याकाळी थकून गाडीत बसतो. त्याची हिंदी पीण्याची हिंदी. तीत क्रियापदं हिंदी, बाकी सगळं इंग्रजी आणि वैताग मात्र कन्नड. ‘‘जॉब में बर है, डीबर करके फिर डीसी बनाओ, अय्यो!’’ हे वाक्य सिवानला कळतं, पालघाटला कळतं, नेपाळला कळतं. कुपवाडला तर कळतंच. ड्रॉइंगवर प्लस-मायनस पाच मायक्रॉन लिहिलं असेल तर ते कोणत्या भाषेत लिहिलंय याने काही फरक पडत नाही; जॉब रिजेक्ट झाला की सगळ्यांना एकदम कळतं.

मग वाटलं, घरी तरी बोलू. खोली दासरहळ्ळीत घेतली, मुद्दाम कन्नड घरमालक बघून. निघाले मराठी! शहाजीराजांना बेंगळूरची जहागीर मिळाली त्या काळात इकडे येऊन राहिलेलं घराणं, असं ते सांगतात. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हींचा सूर एकच. मराठी बोलायला माणूस मिळत नाही ही त्यांची कैक वर्षांची तक्रार. भाड्याची पावती देताना ते मला गच्चीवर बसवून घेतात आणि मराठीत बोलतात. मी धीर करून कन्नड वाक्य टाकलं की दुखावल्या आवाजात म्हणतात, ‘‘आपल्यात कशाला ते?’’ रजनीकांत हा शिवाजीराव गायकवाड, बेंगळूरच्या मराठी घरातला, इथल्या बसमध्ये कंडक्टर होता आणि के. बालचंदर यांच्या सांगण्यावरून तमिळ शिकला, ही गोष्ट ते फार अभिमानाने सांगतात. मी विचारलं, त्यांना तमिळ शिकायला कोण मिळालं? ते म्हणाले, ‘‘मद्रासला तमिळ माणसं होती की.’’ पुन्हा तेच!

मुद्दा राहिला पाट्यांचा. लिपी यायला वेळ लागला नाही. जेवणाच्या सुट्टीत तुमकूर रोडवरच्या पाट्या वाचत हिंडायचं, हा माझा अभ्यास. २०२४ मध्ये कायद्यानेच पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं, त्यामुळे पाठ्यपुस्तक फुकट आणि मोठ्या टायपात. एक एक गोल सोडवत, घाम पुसत मी पहिली लांबलचक पाटी पूर्ण वाचली तेव्हा ती निघाली ‘प्रिसिजन इंजिनिअरिंग वर्क्स’. दुसरी ‘हायटेक हायड्रॉलिक्स’. तिसरी ‘न्यू बालाजी टूल्स अँड डाईज’. लिपी शिकलो कन्नड, वाचतो इंग्रजी, आणि आत जाऊन बोलतो हिंदी. कायदा ज्यांनी केला त्यांच्या डोळ्यांपुढे हा विद्यार्थी नसणार.

सरकारी पाट्यांचं मात्र वेगळं. तिथे मी चमकतो. ‘अपाय’ म्हणजे धोका हे कोणी सांगावं लागत नाही, ‘धूमपान निषेधिसलागिदे’ तर धूम्रपान करतानाही कळतं. दंड, निषेध, सूचना, नियम: कन्नड सरकार जे काही रागावून बोलतं ते मराठी माणसाला सगळं समजतं. प्रेमाने बोललेलं समजत नाही. चहा, भूक, घाम, पाऊस, ये, बस, या शब्दांपाशी अडायचं आणि ‘प्राधिकार’ म्हटलं की मान डोलवायची, अशी आमची विद्वत्ता.

माझ्याशी न थकता, न हसता शुद्ध कन्नड बोलणारी एकच व्यक्ती पीण्यात होती, आणि ती मेट्रोतली घोषणा करणारी बाई. हिरव्या मार्गावर पीण्या स्टेशनला चढलं की ती सुरू. ‘मुंदिन निल्दाण’, म्हणजे पुढचं स्टेशन, ‘गोरगुंटेपाळ्य’, मग यशवंतपूर, मग सँडल सोप फॅक्टरी. गाडी पुलावरून जाते, खाली मैलभर पत्रे, आणि वर मी ओठांतल्या ओठांत तिच्यामागून म्हणतोय. ती कधी हिंदीवर घसरली नाही की ‘आप कहां से?’ म्हणाली नाही. उपकार आहेत तिचे. तोटा एवढाच झाला की माझं कन्नड स्टेशनच्या वळणाचं झालं. दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, काउंटरवर ‘दयविट्टु एरडु काफी कोडि’, कृपया दोन कॉफी द्या, म्हटलं की कूपन फाडणारा पोरगा आधी दचकतो आणि मग मागे वळून आतल्याला हाक मारून दाखवतो. कॉफी मागताना तिथे ‘दयविट्टु’ कोणी म्हणत नाही. लोक नुसती दोन बोटं वर करतात, आणि दोघांत एक हवी असेल तर ‘बाय टू’ म्हणतात. ‘बाय टू’ हा बेंगळूरने जगाला दिलेला सर्वांत सुसंस्कृत शब्द असं माझं मत आहे, आणि नेमका तोही कन्नड नाही.

शेवटी शिकवणी लावली. रविवारी सकाळी कामगारांसाठी वर्ग चाले. मास्तर निवृत्त, म्हैसूरकडचे, धोतर नाही पण धोतराचा भास होईल असे. ‘करतो’ला ते शिकवायचे ‘माडुत्तेने’, पीण्यात म्हणतात ‘माड्तीनि’, आणि मी आजीच्या आठवणीने म्हणायचो ‘माड्तेन्‌री’. तो ‘री’ बाहेर पडला की मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू पसरायचं. ‘‘हुब्बळ्ळी?’’ कन्नड सिनेमात उत्तरेकडची बोली विनोदी पात्रांच्या तोंडी घालायची जुनी सवय आहे. म्हणजे मी वाक्य चुकलो तरी हशा, बरोबर बोललो तरी हशा. आपल्याकडे वऱ्हाडी माणसाला पुण्यात काय होत असेल ते मला म्हैसूरच्या मास्तरांनी शिकवलं.

वर्गातली मंडळी बघण्यालायक. पालघाटचा अकाउंटंट सगळ्यांत आधी बोलू लागला आणि वर म्हणाला, हे तर आमचंच आहे, जरा शिळं. सिवानचा वेल्डर ‘इदु नन्न हसु’, म्हणजे ही माझी गाय, हे वाक्य घेऊन बसला होता, कारण पीण्यात रस्त्यावर गाई भरपूर, पण त्या कोणाच्या ते कोणी सांगत नाही. ओडिशाचा ऑपरेटर, वय असेल बावीस, वही न घेता यायचा, खिडकीजवळ बसायचा आणि झोपायचा. नंतर कळलं, शेडमधल्या सगळ्यांत त्याला कन्नड सर्वांत जास्त समजतं. ड्रायव्हर लोकांकडून शिकला. शिव्यांपासून सुरुवात करून तो सभ्य शब्दांपर्यंत आला होता; आम्ही उलट निघालो होतो आणि वाटेतच होतो.

एक माणूस मात्र माझ्याशी नेमाने कन्नड बोलायचा, हे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. आमचा हीट ट्रीटमेंटवाला. एरवी हिंदी फर्डी, इंग्रजीही बरं. पण मी माल घ्यायला गेलो की त्याची मातृभाषा जागी व्हायची. ‘‘नाळे बन्नी.’’ उद्या या. उद्या गेलो की पुन्हा ‘नाळे बन्नी’. १९९० च्या दशकात कर्नाटकात एक भुताची अफवा पसरली होती. रात्री बाई दार वाजवते, दार उघडलं की खेळ खलास. लोकांनी तोड काढली. घराच्या भिंतीवर ‘नाळे बा’, उद्या ये, असं लिहून ठेवलं. भूत यायचं, वाचायचं, परत जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, पुन्हा वाचायचं. पर्चेस खात्याचा माणूस त्या भुतासारखाच. फक्त भुताला डिलिव्हरी चलान दाखवावं लागत नाही. पुढे हीच युक्ती हिंदी सिनेमावाल्यांनी ‘स्त्री’मध्ये वापरून भरपूर पैसे मिळवले. आमच्या हीट ट्रीटमेंटवाल्याने काय मिळवलं असेल ते त्यालाच ठाऊक. माझं मात्र ‘नाळे’चं व्याकरण पक्कं झालं.

खाण्याच्या बाबतीत आम्ही थेट चीनमध्ये राहतो. सकाळी दर्शिनीत ‘चौचौ बात’ मिळतो. नाव ऐकून मी काड्या शोधल्या. आला तो तिखट उपमा आणि शेजारी गोड शिरा, एकाच ताटलीत, एकमेकांना न भेटलेले. संध्याकाळी गोबी मंचुरीच्या गाड्या लागतात. मंचुरियन हे प्रकरण १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लबात जन्माला घातलं, ते फुलकोबीपर्यंत उतरलं आणि मग कर्नाटकाने ते पोटच्या पोरासारखं वाढवलं. २०२४ च्या मार्चमध्ये सरकारने त्यातल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली तेव्हा पीण्यात जी हळहळ झाली ती मी पाहिली आहे. त्याआधी गोव्यात म्हापशाच्या पालिकेने गाड्यांवरच बंदी घातली होती, तेव्हा मात्र आम्ही सगळे गोव्याला हसलो होतो. मुंबईत जन्मलेला, मांचुरियाचं नाव लावणारा, नेपाळी हातांनी तळलेला आणि कन्नड लिपीत लिहिलेला हा पदार्थ मी रोज हिंदीत मागतो. भाषेचा विद्यार्थी परदेशात राहतो म्हणतात तो आणखी कसा राहायचा?

अधूनमधून बेळगावात काहीतरी होतं, दोन्ही राज्यांच्या एसट्या सीमेवर थबकतात, आणि आत्याचा फोन येतो. ‘‘कोण काही बोललं का रे तुला?’’ आत्याला कसं सांगू, कोणी काही बोलावं म्हणूनच तर मी वर्गाची फी भरतोय. खरं सांगायचं तर भांडायलाही एक समान भाषा लागते आणि शिवाय फावला वेळ लागतो. पीण्यात डिस्पॅच साडेपाचला असतो. आयुधपूजेला तेवढी सगळ्यांना उसंत. आमच्याकडची खंडेनवमी ती हीच. त्या दिवशी मशिनला केळीचे खुंट, व्हर्नियरला हळदकुंकू, फाटकावर कुंकू भरलेला कोहळा फुटतो, चुरमुरे आणि मिठाईचे पुडे वाटले जातात. सिवान, ओडिशा, नेपाळ, सांगली सगळे आपापल्या भाषेत बोनसची रक्कम मोजतात. दुसऱ्या दिवशी त्याच फुटलेल्या कोहळ्यांवरून दुचाक्या घसरतात तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडून निघतं ते कन्नडच, आणि त्यासाठी मास्तर लागत नाहीत.

आमच्याकडे नवं लेझर कटिंग मशीन आलं ते चीनमधून, जिनान नावाच्या शहरातून. मशीन आलं, माणूस आला नाही. २०२० नंतर चिनी तंत्रज्ञांना व्हिसा मिळणं अवघड झालं होतं. त्यामुळे मशीन उभं करायचं ते व्हिडिओ कॉलवर. पॅनेलवर सगळं चिनी. आपल्याकडे चार वाजले की तिथे साडेसहा, म्हणजे तंत्रज्ञाच्या डोळ्यांत घरी जायची घाई. ओनरने दुसऱ्या फोनवर भाषांतराचं ॲप लावलं आणि भाषा निवडताना छाती काढून म्हणाला, ‘‘हिंदी-गिंदी नको. आपली शेड, आपली भाषा.’’ कन्नड लावलं. मला भरून आलं. पीण्यात पहिल्यांदाच कोणीतरी कारखान्यात कन्नड बोलणार होतं, आणि तो चिनी होता.

सुरुवात छान झाली. चिनी गृहस्थ काहीतरी बोलले आणि फोनमधून मेट्रोतल्या बाईची सख्खी बहीण म्हणाली, ‘ऊट मुगियिते?’ जेवण झालं का? उत्तर चीनमध्ये जुन्या वळणाची माणसं भेटल्यावर हेच विचारतात, आणि कर्नाटकातही हेच विचारतात, आणि सांगलीतही. तिन्हीकडे उत्तर ठरलेलं असतं. कोणीच जेवलं नव्हतं. ‘‘आयितु,’’ आम्ही सगळे म्हणालो.

मग मुद्द्यावर आले. तिकडे पन्नास-साठ शब्द झाले, इकडे फोन म्हणाला, ‘दयविट्टु नाभियन्नु सरिपडिसि, नंतर मूरनेय गुंडियन्नु ओत्तिरि.’

शेडमध्ये शांतता. तुमकूरच्या ओनरने नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवला. ‘‘नाभि? एनंते?’’ त्याचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं. सिवानने त्याच्याकडे पाहिलं, पालघाटने कॅल्क्युलेटर खाली ठेवला. आणि माझ्या डोक्यात कुपवाडच्या मराठी शाळेतला फळा उभा राहिला. भिंग, किरण, मुख्य नाभी, नाभीय अंतर. लेन्सचा फोकस! ‘सरिपडिसि’ रविवारच्या वर्गात झालं होतं, ‘दयविट्टु’ तर माझं घरचं.

मी घसा साफ केला. ओनरला आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग सगळ्यांसाठी हिंदीत, की आधी लेन्सचा फोकस नीट करायचा आहे, त्यानंतर तिसरं बटण... माझं वाक्य अजून ‘त्यानंतर’पाशीच होतं तेवढ्यात मशीन गुरगुरलं आणि पत्र्यावर निळा ठिपका पळायला लागला. ओडिशाच्या पोराने फोन ऐकलाच नव्हता. तो स्क्रीनवर चिनी माणसाचं बोट कुठे जातंय ते बघत होता. फोकस फिरवून, तिसरं चित्र दाबून, तो आता गॉगल चढवत होता. तिकडून जिनानच्या गृहस्थांनी अंगठा दाखवला, बॅग उचलली आणि फोन कट केला.

मी तरीही वाक्य पूर्ण केलं. व्याकरणासकट केलं, एवढी संधी पुन्हा कधी येणार? ओनर माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होता. जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला,

‘‘सार, आपका कन्नडा तो एकदम प्योर है!’’